एमबीए करताना एक धंदा धरा, दोन वर्षं तोच

पहिल्या सेमिस्टरच्या तिसऱ्या आठवड्यात मी एमबीए सोडायला निघाले होते. येळ्ळूरहून सकाळची बस, वडगावमार्गे सीबीटी, म्हणजे बेळगावचं शहर बसस्थानक, तिथून दुसरी बस कॉलेजला. दिवसभर तास, सगळे इंग्रजीतून, आणि रात्री असाइनमेंट. दहावीपर्यंत मी गावच्या मराठी शाळेत शिकले, मग बेळगावात बी.कॉम. पीजीसीईटी, म्हणजे कर्नाटकातली एमबीएची प्रवेश परीक्षा, देऊन सीट मिळाली तेव्हा घरच्यांनी गल्लीभर कुंदा वाटला होता. आता ‘मला नको हे’ म्हणायचं कुणाजवळ, तेही कळत नव्हतं.

अभ्यास अवघड होता याचं मला दुःख नव्हतं. पावसात दिवसभर वाकून भाताची लावणी केलेल्या घरातली मी, कष्टाला भीत नव्हते. पण लावणीनंतर वाफ्याकडे बघितलं की काम दिसतं. इथं ‘काँट्रिब्युशन’, ‘वर्किंग कॅपिटल’, ‘बॉटलनेक’ असे शब्द वहीत उतरत होते आणि त्यातला एकही डोळ्यांसमोर उभा राहत नव्हता. शिकल्यासारखं वाटतच नव्हतं.

त्या शनिवारी आईनं मामांकडं डबा पोचवायला पाठवलं. मामांचं उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, भाड्याच्या शेडमध्ये छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, दोन कामगार. हायड्रॉलिकच्या एका कारखान्याचे बुश, म्हणजे धातूची पोकळ नळकांडी, लेथवर टर्निंग करून द्यायचे, माल त्यांचा आणि मजुरी आपली. बेळगावात ज्याला जॉबवर्क म्हणतात तेच. मामा वैतागून बसले होते. काम भरपूर, मशीन थांबत नाही, तरी महिनाअखेरीला हातात काही राहत नाही म्हणाले. माझ्या पिशवीत त्याच आठवड्यातली कॉस्टिंगची वही होती. मी ती उघडली आणि जवळजवळ दोन तास तिथंच बसले.

हे दोन तास सविस्तर सांगते, कारण पुढची दोन वर्षं त्यांच्यावरच उभी राहिली. आकडे थोडे बदलले आहेत, हिशोब तोच आहे.

एका बुशला मजुरी 18 रुपये. प्रत्येक नगाबरोबर जाणारा खर्च, म्हणजे इन्सर्ट (लेथची कापणारी पाती), कूलंट आणि मशीनची वीज, धरून 7 रुपये. राहिले 11. हे 11 म्हणजे वर्गातलं ‘काँट्रिब्युशन’. आता एकही नग झाला नाही तरी द्यावे लागणारे पैसे: शेडचं भाडं 14,000, दोघांचा पगार 36,000, मशीनच्या कर्जाचा हप्ता 16,000. एकूण 66,000. हप्त्यातली मुद्दल हा खरं तर खर्च नाही, पण पैसे खिशातून जातातच, म्हणून तो पूर्ण धरला. 66,000 भागिले 11, म्हणजे 6,000 नग. मामांचे महिन्याला 5,400 होत होते. 600 नगांची तूट, म्हणजे दरमहा 6,600 रुपये अंगावर. इतर किरकोळ कामातून ते भरून निघत होतं, म्हणून कळत नव्हतं.

मग मी विचारलं, “मामा, तुमचा पगार कुठं धरलाय?”

“माझा कसला पगार? उरतंय ते माझं की.”

मामा सकाळी आठला शेड उघडतात, रात्री आठला बंद करतात. त्यांच्याइतका हात असलेला माणूस बाहेर 22,000 तरी मागेल. ते धरले तर 88,000 झाले, आणि नग लागतात 8,000. मामा बराच वेळ त्या आकड्याकडं बघत राहिले. पंधरा वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला मात्र त्या दिवशी परतीच्या बसमध्ये सुटल्यासारखं वाटलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा वहीतला एक शब्द कशाला तरी चिकटला होता.

म्हणून एमबीएला नव्यानं प्रवेश घेतलेल्या कुणालाही माझं पहिलं सांगणं हेच असतं. एक धंदा धरा. एकच, आणि दोन्ही वर्षं तोच. काकाचं किराणा दुकान असेल, खासबागमधले यंत्रमाग असतील, निपाणीची तंबाखूची वखार असेल, आत्याची खानावळ असेल. मोठा नको, कारण मोठ्या कंपनीचा ताळेबंद वाचता येतो पण मालकाला रात्री झोप का लागत नाही ते विचारता येत नाही. शक्यतो नात्यातला किंवा ओळखीचा घ्या, खरे आकडे परक्याला कुणी दाखवत नाही. वर्गात नवीन काही शिकवलं की त्याच आठवड्यात ते तिथं घेऊन जायचं. पुढच्या आठवड्यावर टाकलं तर होत नाही. मी दोनदा टाकलं आणि ते दोन्ही विषय आजही माझे कच्चे आहेत.

सगळंच तिथं लागू पडेल असं नाही. मार्केटिंगमधला निम्मा भाग मामांच्या कामाला लागूच नव्हता, कारण किरकोळ कामं सोडली तर त्यांना गिऱ्हाईकच एक. पण ‘गिऱ्हाईक एकच असणं’ हीच मोठी गोष्ट आहे हे मला स्ट्रॅटेजीच्या तासाला कळलं. मायकेल पोर्टर यांनी 1979 मध्ये मांडलेल्या, धंद्यातली स्पर्धा ठरवणाऱ्या पाच शक्तींमध्ये खरेदीदाराची ताकद ही एक आहे. वर्गात बाकीचे विमान कंपन्यांची उदाहरणं लिहून घेत होते तेव्हा मी समासात मामांचं नाव लिहिलं.

उधारीचे पंचेचाळीस दिवस

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते वर्किंग कॅपिटलमधून, म्हणजे रोजचा धंदा चालवायला अडकून राहणाऱ्या पैशातून. मामांचं बिल गेलं की पैसे यायला 95 दिवस लागायचे. 5,400 नग गुणिले 18 म्हणजे महिन्याचं बिल 97,200. 95 दिवस म्हणजे या एका कामाचेच तीन लाखांहून जास्त रुपये कायम दुसऱ्याच्या खिशात. कामगारांचा पगार द्यायला मामा सोसायटीचं, म्हणजे पतसंस्थेचं, कर्ज काढत होते, 14 टक्क्यांनी. आपलेच पैसे अडकलेत म्हणून व्याज आपण भरतोय, हे कागदावर मांडल्यावर त्यांना पहिल्यांदा राग आला. त्याआधी ते त्याला ‘धंद्याची रीत’ म्हणायचे.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा 2006 चा आहे. त्याप्रमाणे अशा छोट्या उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आमच्या पुस्तकात हे दोन ओळींत होतं. आता तर आयकर कायद्यातही तरतूद आली आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, वजा दाखवता येत नाही. पण या सगळ्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, हवी. ती जुलै 2020 पासून ऑनलाइन आणि मोफत होते. मामांची नव्हती. आम्ही दोघांनी मिळून मोबाईलवर केली.

आता खरा धडा. नोंदणी झाली, कायदा पाठ झाला, मी तक्रार करू म्हणाले. मामा म्हणाले, “तक्रार करायची आणि मग काम कुणाकडनं आणायचं?” याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. आठ दिवस मी त्यावरच विचार केला, आणि सांगते, त्या आठ दिवसांत मी जितकी मोठी झाले तितकी कुठल्याच परीक्षेनं केली नाही. बरोबर असणं आणि उपयोगी पडणं यात अंतर असतं. शेवटी आम्ही तक्रार केली नाही. बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांक छापला, खाली ‘देय मुदत 45 दिवस’ अशी साधी ओळ घातली, आणि मामा स्वतः जाऊन त्यांच्या अकाउंट्सवाल्याला भेटले. दर महिन्याच्या पाच तारखेला भेटत राहिले. चार महिन्यांत 95 चे 60 दिवस झाले. 45 अजून झालेले नाहीत. पण 35 दिवस कमी झाले म्हणजे 1,13,400 रुपये मोकळे झाले, आणि सोसायटीच्या कर्जातले तेवढे त्यांनी फेडून टाकले.

ज्या तासाला तुम्हाला कंटाळा येतो त्या विषयातून कुणाचं तरी असं एक काम काढता येतं का ते बघा. नंतर तो विषय कंटाळवाणा राहत नाही.

डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर मराठी

मराठी माध्यमातून आलेल्यांना आमच्या भागात एक सल्ला हमखास मिळतो: इंग्रजीतच विचार करायला शिक. मी तो सहा महिने पाळला आणि माझं नुकसान झालं. वाक्यं इंग्रजी झाली, विचार थांबला. मग मी वहीची पद्धत बदलली. डाव्या पानावर वर्गात सांगितलेलं जसंच्या तसं. रात्री उजव्या पानावर तेच मराठीत, आईला सांगतेय अशा शब्दांत. जिथं मराठीत सांगता येत नव्हतं तिथं मला कळलेलंच नव्हतं, ते लगेच उघडं पडायचं. ‘डेप्रिसिएशन’चा अर्थ ‘घसारा’ एवढा लिहून भागत नाही; मामांची लेथ दहा वर्षांनी बदलायची झाली तर त्यासाठी दर महिन्याला किती बाजूला ठेवायला हवं होतं, असं लिहिलं की कळतं.

पहिलं प्रेझेंटेशन द्यायची वेळ आली तेव्हा मी विषय निवडला पिग्मी, म्हणजे रोज थोडी थोडी भरायची ठेव. आमच्याकडं कुणाच्या घरी पिग्मी नाही? संध्याकाळी सोसायटीचा एजंट मशीन घेऊन येतो, मामा 200 रुपये देतात, पावती घेतात. ही कल्पना कर्नाटकातलीच आहे. उडुपीत सुरू झालेल्या आणि पुढं सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेनं 1928 मध्ये पिग्मी ठेव सुरू केली, एजंट दारात येऊन दिवसाला अगदी दोन आणेही घ्यायचा. माझा प्रश्न असा होता: माणूस एकाच सोसायटीत कमी व्याजानं रोज पैसे ठेवतो आणि तिथूनच जास्त व्याजानं कर्ज काढतो, असं का? वेडेपणा म्हणून सोडून द्यावं असं वर्गातल्या बऱ्याच जणांना वाटलं. मी सांगितलं की एजंट रोज येतो तेव्हा तो पैसेच नेत नाही, माहितीही नेतो. शेड उघडी आहे का, मशीन चालू आहे का, मालकाचा चेहरा कसा आहे. कर्ज मागायला गेल्यावर ज्या माणसाकडं दाखवायला कागद नाहीत, त्याची ही रोजची पावती म्हणजे पत. वर्गात शिकवलेली ‘माहितीची विषमता’, म्हणजे व्यवहारात एकाला माहीत असतं ते दुसऱ्याला नसतं, ती हीच, आणि ती मिटवायचा हा इथला उपाय.

बोलताना माझे हात थरथरत होते, इंग्रजी दोनदा अडखळलं. पण प्रश्नांचे दहा मिनिटांचे पंचवीस झाले. घरी पिग्मी भरणारे सगळे बोलायला लागले, काही कन्नडमध्ये, काही मराठीत, आणि सरांनी कुणालाच थांबवलं नाही. इंग्रजी नंतर सुधारली. आधी सांगण्यासारखं काहीतरी हातात असावं लागतं, भाषा मागून येते.

बैलहोंगलची मैत्रीण

गटात काम करताना आपल्यासारखेच चौघे जमवू नका. मी पहिल्या सेमिस्टरला बेळगाव तालुक्यातल्याच मराठी मुली जमवल्या आणि आम्ही चौघी एकच चूक चार वेळा करायचो. दुसऱ्या सेमिस्टरला सरांनी गट बदलले आणि बैलहोंगलची एक मुलगी माझ्या गटात आली. घरी कापूस, घरची भाषा कन्नड, मराठी समजायची पण बोलायची नाही. मी नेमकी उलट.

सीमाभागात वाढलेल्या माणसाला हे लिहिताना जपून लिहावं लागतं. 1956 पासूनची वेदना आमच्या घरात जिवंत आहे. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला आजोबा जेवत नसत. ती वेदना मी सोडलेली नाही. पण मला कन्नड शिकायची गरज होती आणि तिला मराठी. आम्ही ठरवलं, एक दिवस मी कन्नडमध्ये बोलणार, एक दिवस ती मराठीत. सर्व्हेसाठी तिच्या गावी गेलो तेव्हा कापूस विकणाऱ्या शेतकऱ्यांना मी मोडक्या कन्नडमध्ये प्रश्न विचारले आणि ते हसून उत्तरं देत गेले. ती येळ्ळूरला आली तेव्हा आईशी रताळ्याच्या भावावर अर्धा तास बोलली. माझी मराठी त्यामुळं कमी झाली नाही.

गटातल्या भांडणांबद्दल थोडक्यात: कोण काय करणार ते पहिल्या दिवशी कागदावर लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. एका गटात एकानं काहीच केलं नाही, मी रात्र जागून त्याचा भाग लिहिला आणि महिनाभर मनात धुमसत राहिले. त्याला जाऊन विचारलं असतं तर त्याच्या वडिलांचं ऑपरेशन होतं हे मला त्याच दिवशी कळलं असतं. आधी विचारा.

आकड्यांची भीती वाटणाऱ्यांसाठी एक खेळ

स्टॅटिस्टिक्स आणि ऑपरेशन्सचा मला धसका होता. तो मिसळीच्या हॉटेलात गेला. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे: आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकानं आत घालवलेला वेळ. रविवारी सकाळी मैत्रिणीबरोबर गेले होते. तासाला 40 गिऱ्हाईकं येत होती, प्रत्येक जण साधारण अर्धा तास बसत होता. म्हणजे आत सरासरी 20 माणसं हवीत. खुर्च्या होत्या 18. दारात रांग का, ते मिसळ येईपर्यंत आम्हाला कळलं होतं. मालकाला खुर्च्या वाढवायला जागा नव्हती, पण बिल टेबलावर लवकर आणलं तर वेळ कमी होतो. असे छोटे हिशोब रोज एक करा. बसस्टॉपवर करा, झेरॉक्सच्या दुकानात करा. सूत्र पाठ करायची वेळच येत नाही.

प्रोजेक्ट विकत घेऊ नका

हे मी कळकळीनं लिहिते आहे. तयार प्रोजेक्ट रिपोर्ट मिळतात, नाव बदलून बाइंडिंग करून मिळतात, आणि बरीच चांगली मुलं शेवटच्या महिन्यात दमून ते घेतात. दोन वर्षांतला सगळ्यात रसाळ भाग तुम्ही पैसे देऊन फेकून देता.

माझी इंटर्नशिप एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, होती. पहिले दहा दिवस मला ऑफिसात फायली लावायला बसवलं. मग मी रिजेक्शनचं रजिस्टर मागितलं आणि शॉपवर बसायची परवानगी. तीन आठवडे प्रत्येक बाद कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागाचं, कारण वहीत लिहिलं. वर्गात शिकलो होतो की बहुतेक बिघाड थोड्याच कारणांतून येतात, आणि तसंच निघालं: बाद मालातला दोन तृतीयांश दोनच कारणांनी बाद, ब्लो होल (वाफ किंवा वायू अडकून धातूत पडणारी पोकळी) आणि वाळू अडकणं. ब्लो होल जुलैत अचानक वाढले होते. का, ते ऑफिसात कुणाला नीट सांगता येईना. मी कोअर, म्हणजे साच्यात बसवायचा वाळूचा गाभा, बनवणाऱ्या बायकांजवळ डबा घेऊन बसले. एक मावशी म्हणाल्या, “पावसात कोअर वाळत नाहीत बघ. ओला कोअर घातला तर वाफ हुतंय, दुसरं काय? सायबास्नी सांगितलंय मी, पर आमचं कोण ऐकतंय?”

मी त्यांचं म्हणणं आकड्यांशी ताडून बघितलं. ज्या दिवशी मोठा पाऊस, त्याच्या दुसऱ्या दिवशी ब्लो होल जास्त. आलेख काढून मॅनेजरना दिला आणि सुरुवातीलाच लिहिलं की हे कारण कोअर विभागातल्या कामगारांनी सांगितलं आहे. कोअर ओव्हनमध्ये जास्त वेळ ठेवायला सुरुवात झाली. माझे मार्क्स चांगले आले, पण मावशींना बोलावून मॅनेजरनी त्यांच्याशी समोर उभं राहून बोललेलं मला जास्त आठवतं. व्यवस्थापन म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी अजूनही तो कोअर विभाग सांगते.

दमल्यावर काय करायचं, हेही विचारतात. मी सगळे विषय सारख्या जिवानं केले नाहीत. दर सेमिस्टरला दोन विषय मनापासून, बाकीचे पास होण्यापुरते नीट. रात्री अकराच्या पुढं वही उघडली नाही, परीक्षेच्या आठवड्यातही नाही. रविवारी पहाटे आमच्या गावाजवळच्या राजहंसगडावर चढायचं, फोन घरी ठेवून. वरून एका बाजूला बेळगाव, एका बाजूला आमची शेतं दिसतात. नोकरीसाठी बरोबरचे पुण्याला, बेंगळुरूला गेले, मी उद्यमबागमध्येच आहे, चार छोट्या वर्कशॉपचे हिशोब बघते. दोन्ही ठीक आहे. पॅकेजच्या गप्पा चालू असतात तेव्हा गडावर जाणं बरं.

आणि धंदा धरायचा ठरलाच असेल, तर जायचं कधी, तेही सांगते. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत नको, पगार आणि हप्ते त्याच दिवसांत असतात. सकाळी नको, मशीन सेट करायची वेळ असते. लॅपटॉप नेऊ नका, साधी वही न्या, आणि पहिल्या भेटीत सल्ला देऊ नका, नुसते आकडे लिहून घ्या. संध्याकाळी मशीन बंद होतात, मालक काळे झालेले हात रॉकेल लावून धुतो, मग साबणानं धुतो, आणि कुणाला तरी चहा आणायला पाठवतो. त्या चहाच्या आधी पोचा.